डबी बांधली तो दिवस

गल्लीतल्या इस्त्रीच्या दुकानातल्या बाईंना सगळे वहिनीच म्हणत. इस्त्री त्या करायच्या, कपडे पोचवायला नवरा जायचा. वर्षभरापासून एक नवीनच दुखणं मागे लागलं होतं. कॉलरवरून इस्त्री फिरवता फिरवता छातीत ठोका चुकायचा, मग तीन-चार एकदम धावून यायचे आणि डोळ्यांपुढे अंधारी. दवाखान्यात नंबर लागेपर्यंत सगळं थंड! सासूबाई म्हणायच्या, "कामाचा कंटाळा आला की होतं असं." वहिनींना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

शेवटी डॉक्टरांनी छातीला वायरी चिकटवून कमरेला एक डबी बांधली. "उद्यापर्यंत राहू दे. रोज करता ते सगळं करा," त्यांनी बजावलं. "ठोके बिघडले तर यात सापडायला हवेत."

आता बघतेच तुला, असं मनाशी म्हणत वहिनी घरी आल्या. पण त्या वायरी बघून नवऱ्याचं धाबंच दणाणलं. "तू इस्त्रीला हात लावायचा नाहीस!" तो स्वतः टेबलाशी उभा राहिला आणि एका शर्टाची बाही जाळून मोकळा झाला. सासूबाईंनी पाठीशी उशी ठेवली, चहा हातात आणून दिला.

"अहो, डॉक्टर म्हणालेत काम कर," वहिनी दोनदा बोलल्या.

"त्यांना काय जातंय बोलायला!" नवऱ्यानं उडवून लावलं.

तिसऱ्यांदा त्या बोलल्याच नाहीत. खरं सांगायचं तर बरं वाटत होतं हो! लग्न झाल्यापासून असा आयता चहा कुणी दिला होता? छातीतलं ते लबाडही दिवसभर शहाण्या पोरासारखं वागलं.

"या वेळी काही सापडलं नाही," दुसऱ्या दिवशी डबी काढून तपासल्यावर डॉक्टर म्हणाले. "त्रास होत राहिला तर पुन्हा लावून बघू." नवऱ्यानं पहिलं वाक्य तेवढं उचललं. संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं, वहिनींना काही झालेलं नाही. उशी कपाटात गेली.

दोनच दिवसांनी, गठ्ठा निम्माही झाला नव्हता, तोच छाती उधळली. वहिनी इस्त्री उभी करून गाठोड्यावर मटकन बसल्या. नवरा सायकलला पिशव्या अडकवत होता.

"अगं, मशीनमध्ये काही आलं नाही ना? मग कशाला जिवाला लावून घेतेस?" रागानं नाही, अगदी मायेनं म्हणाला. रागावला असता तर निदान भांडता आलं असतं.

वहिनींनी त्याचा हात ओढून छातीवर दाबून धरला. "बघा तुम्हीच."

तळव्याखालची ती तडफड त्याला कळली. चेहरा पांढराफटक पडला. सुटले बाई, वहिनींना वाटलं, कळलं एकदाचं! पण त्यानं हात सोडवून घेतला. "मला यातलं काय कळतंय? मशीनपेक्षा मी शहाणा आहे का?" पुटपुटत तो सायकलवर बसला आणि निघूनही गेला.

पुन्हा डबी बांधली तर पुन्हा उशी येईल, चहा येईल, आणि पुन्हा काही सापडणार नाही. वहिनींना रडूच फुटलं. मग डोळे पुसून त्यांनी पुढचा शर्ट टेबलावर पसरला.