अक्काचं रेकॉर्डिंग आणि माझं भाषांतर

सोनगीरच्या शिवारात कापसाची वेचणी चालली होती आणि एक उंच गोरा माणूस बांधावर बसून माझ्या अक्काचं गाणं ऐकत होता... स्वातंत्र्याला आठ-दहा वर्षं झाली असतील. मी धुळ्याच्या एका हायस्कुलात नवा मास्तर होतो आणि या पाहुण्याचा दुभाष्या. आता नव्वदी आली. नातीला सांगतोय, ती टाइप करतेय.

माणूस अमेरिकन. स्वतः गाणी रचायचा, गिटारवर म्हणायचा, तिकडे त्याच्या दोन-तीन रेकॉर्डही निघाल्या होत्या. धुळ्यात एका डॉक्टरांकडे उतरला होता, सोबत टेप रेकॉर्डरचं धूड.

त्याची आई लोकांचे कपडे धुता धुता स्वतःची गाणी म्हणायची. ती गेली तेव्हा याला त्यातलं एकच गाणं आठवत होतं, तेही अर्धं. म्हणून हे मशीन घेतलं, असं त्याने मला वाटेत सांगितलं होतं.

अक्का म्हणजे माझी आत्या. ऐन तारुण्यात कुंकू पुसलं गेलं, पोटी मूल नाही, मला तिनेच वाढवलं. अक्षरओळख नव्हती, पण कापूस वेचता वेचता गाणं रचायची... मेलेल्या नवऱ्यावर, बोंडांवर, आग्रा रोडने जाणाऱ्या मोटारींवरसुद्धा. कुठे लिहिलेलं काही नाही. सगळं तिच्या डोक्यात.

मशीनला वीज लागायची आणि ती सोनगीरला नव्हती. म्हणून चार दिवसांनी धुळ्यात, डॉक्टरांच्या बंगल्यावर रेकॉर्डिंग ठरलं. हेडमास्तर येणार, दोन वकील सहकुटुंब येणार...

शिक्षकांच्या खोलीत माझ्या बोलण्याची नक्कल व्हायची हो. मोठ्या कष्टाने मी जिभेला वळण लावलं होतं. आणि आता अक्का सगळ्यांसमोर अहिराणीत गाणार!

मग मी शहाणपणा केला. तिचं नवऱ्यावरचं गाणं तिच्याकडून म्हणवून घेतलं, त्यातले गावठी वाटणारे शब्द काढले आणि पुस्तकातले घातले. ते तीन दिवस तिच्याकडून घोकून घेतलं. चालीत बसत नव्हतं, ती अडखळायची, मी चिडायचो.

एकदाच म्हणाली, "माले नही जमाव, भाऊ. मन्हं गानं मन्हाच बोलीमा येस." मी म्हटलं, चार मोठ्या माणसांत माझी शोभा करायची आहे का तुला? त्यावर ती पुन्हा घोकायला लागली. माझ्यासाठी तिने काय नाही केलं...

बंगल्यावर तिला खुर्चीत बसवलं. आयुष्यात पहिल्यांदा खुर्चीत बसली असेल. शाळेतली पोरं कविता म्हणतात तशी ती गायली, हात मांडीवर घट्ट धरून. बायकांनी टाळ्या वाजवल्या. हेडमास्तर म्हणाले, बाईंचं मराठी किती स्वच्छ आहे... मी फुललो.

पाहुण्याने टेप परत वाजवून तिला ऐकवली. ती मान खाली घालून शेवटपर्यंत ऐकत राहिली. मग त्याच्याकडे बघून म्हणाली, "आवाज मन्हा शे. गानं मन्हं नही."

त्याने माझ्याकडे पाहिलं. काय म्हणतायत?

त्याच्या पेटीत कोऱ्या टेपा होत्या. आवाज तिचा आहे पण गाणं तिचं नाही, हे खरं सांगितलं असतं तर त्याने तिथल्या तिथे नवी चढवली असती. शेतात गायली तसं गा म्हणाला असता, रात्र झाली तरी थांबला असता. हे सगळं मला त्या क्षणी कळत होतं. आणि खोलीत सगळी मोठी माणसं बसली होती.

मी इंग्रजीत सांगितलं, म्हणतेय फार छान झालंय, फार आवडलं.

तो हसला. त्याने दोन्ही हातांनी अक्काचे हात धरले. अक्का माझ्याकडे बघत होती. तिला इंग्रजी येत नव्हतं, पण मला तिने वाढवलेलं होतं.

एसटीने अक्का सोनगीरला परतली. पुढच्या पावसाळ्यात काविळीने गेली. मला तिच्या गाण्यांच्या चाली तुटक तुटक आठवतात, शब्द नाहीत. गावात विचारलं, सोबत वेचणाऱ्या बायकांना विचारलं... सगळ्या म्हणाल्या, ती रोज नवंच म्हणायची.

दोन वर्षांनी अमेरिकेहून शाळेच्या पत्त्यावर पार्सल आलं. त्याने जमवलेल्या गाण्यांची रेकॉर्ड, त्यात अक्काचंही गाणं. सोबत छापील पुस्तिका होती, तिच्यात अक्काच्या नावाखाली चार ओळी. शेवटची ओळ अशी, की आपलं गाणं ऐकून या बाईंना अतिशय आनंद झाला.

जगात अक्काबद्दल छापलेलं तेवढंच आहे. आणि ते मी सांगितलेलं आहे.