उलटी वाहणारी नदी

आमच्या कॉलेजच्या जिन्याखाली झेरॉक्सचं एक मशीन आहे आणि त्या मशीनमागे थांबाकाका आहेत. त्यांचं खरं नाव काहीतरी वेगळं असणार, पण बावीस वर्षांत ते विचारायची कुणाला गरज पडली नाही. नोट्सची प्रत मागायला गेलेल्या प्रत्येकाला ते आधी "थांबा" म्हणतात आणि मागच्या भागातलं काहीतरी विचारतात. सांगता आलं तर पुढचा भाग मिळतो. नाही आलं तर तिथल्याच स्टुलावर बसून वाचायचं. विद्यापीठाची परीक्षा परवडली पण ही नको, असं मुलं म्हणायची आणि निमूटपणे रांगेत उभी राहून घोकत बसायची.

मी भूगोल शिकवते आणि माझा स्वभाव तापट आहे. एकदा वर्गात एका मुलाने माझं वाक्य मी पुरं करायच्या आत स्वतःच पुरं केलं. "कुठे वाचलंस?" म्हटलं, तर म्हणतो, "वाचलं नाही मॅडम, काकांनी वाचून घेतलं." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. शिकवायचं मी आणि परीक्षा घ्यायची यांनी?

म्हणून नोट्स कॉलेजच्या वेबसाइटवर टाकायचं ठरलं तेव्हा सर्वांत आधी मी हात वर केला. जिन्याखालची जागा खुर्च्या ठेवायला हवी होती. झेरॉक्सची तुमच्या विभागाला गरज आहे का, असं प्राचार्यांनी लेखी विचारलं. मी एका ओळीत कळवलं, "गरज नाही," खाली झोकात सही केली आणि कागद शिपायाच्या हाती दिला. पुढच्या महिनाअखेर काकांनी जागा सोडायची, असं ठरलं.

नदीवरच्या साठ पानांच्या नोट्स मी स्वतः स्कॅन केल्या, वेबसाइटवर टाकल्या आणि वर्गात विचारलं, "मिळाल्या का?" एकशेदहा माना हलल्या. "मस्त आहेत मॅडम!" असं पहिल्या बाकावरून कुणीतरी म्हणालंसुद्धा. मी पुढचे तीन आठवडे हवेत होते.

परीक्षा आठ दिवसांवर आली आणि थांबाकाका स्टाफरूमच्या दारात उभे राहिले. हातात कागदांचा गठ्ठा होता.

"मॅडम, रागावणार नसाल तर एक सांगू?"

"रागावणार. पण सांगा."

"तुमची नदी समुद्रातून निघालीय आणि डोंगर चढतेय."

मी तरातरा जाऊन कॉम्प्युटर उघडला. साठावं पान पहिलं होतं आणि पहिलं शेवटी. अख्खा गठ्ठा मी मशीनमध्ये उलटा घातला होता. त्याच्याखाली, फाइल किती जणांनी उघडली त्याचा आकडा होता, एक.

"मुलं कुणीच कशी बोलली नाहीत?" मी उगीचच विचारलं.

"उघडली असती तर बोलली असती."

"मग हा एक कोण?"

काका ओशाळले. "मीच. दरवर्षी तुम्ही त्यात दोनचार पानं नवी घालता. यंदा कागद माझ्याकडे आलाच नाही. म्हटलं, गेल्या वर्षी घातलेल्या त्या धरणांचं पुढे काय झालं ते बघावं तरी." त्यांनी गठ्ठा टेबलावर ठेवला. "सगळं सरळ लावून आणलंय. पोरांना लागेल."

मला फार लाज वाटली. इतक्या वर्षांत माझं लिहिलेलं एवढ्या आवडीने वाचणारा माणूस जिन्याखाली बसला होता आणि मी त्याच्यावर खार खाऊन होते.

"काका," मी म्हटलं, "तुमची जागा जातेय ना, त्या कागदावर माझी सही आहे. तुम्हाला माहीत नसेल."

"माहीत आहे की," ते म्हणाले. "त्याच्या तीन प्रती शिपायाने माझ्याकडूनच काढून नेल्या. वाचल्याशिवाय मी काही देत नाही."

त्यांना तिथेच खुर्चीवर बसवलं आणि माझा कागद परत मागायला मी प्राचार्यांच्या खोलीकडे निघाले.