भांडं एकटंच वर जातं

आमच्या संस्थेत माझ्या धाकट्या भावाला सगळे थंडोबा म्हणायचे. त्याचं कामच तसं होतं. मागच्या अंगणातल्या मोठ्या टाकीतून द्रव नायट्रोजन भांड्यात भरायचा आणि ज्याला लागेल त्याच्या मजल्यावर पोचवायचा. मी तिथंच तळमजल्यावर, लिफ्टशेजारी कँटीन चालवते. सगळी संस्था मला मावशी म्हणते, तो एकटा ताई म्हणायचा.

त्याच्यामुळे मला कळलं, कोण काय करतं ते. तळघरात भौतिकवाले. अणूच्याही आत शिरून बघतात म्हणे, आणि त्यांच्या यंत्रांना कुणी जोरात शिंकलेलं चालत नाही. पहिल्या मजल्यावर मातीवाले, दुसऱ्यावर जंतूवाले, तिसऱ्यावर ताऱ्यांचे फोटो धुंडाळणारे. सगळ्यात वर पक्षीवाल्या बाई. पाणथळीतला एक पक्षी संपत आलाय, त्याच्या पेशी त्यांनी नायट्रोजनच्या पिंपात गोठवून ठेवल्यात. ते पिंप कोरडं पडलं की सगळं संपलं. ते खरं तर तळघरातच असायला हवं, पण तळघर भौतिकवाल्यांनी अडवलंय.

"एवढं काय असतं रे त्या नायट्रोजनमध्ये जपण्यासारखं?" मी एकदा विचारलं होतं.

"हवाच आहे गं," तो म्हणाला. "आपल्या नाकात जाते त्यातलीच. पण भांडं सांडून बंद खोलीत हीच भरली, की माणूस गेला. वास नाही, ठसका नाही. बसल्या जागी झोप लागते."

म्हणून नियम होता: लिफ्टमध्ये भांडं एकटंच जातं. दारात साखळी, साखळीला पाटी, 'आत येऊ नका'. खालचा माणूस बटण दाबून बाहेर येतो आणि जिन्यातून ओरडतो, "निघाला". वरचा दार उघडून ओरडतो, "आला". वर त्याचा जोडीदार असायचा, खाली हा. दिवसभर माझ्या कानावर त्या दोन हाका. घड्याळाच्या टिकटिकीसारख्या, बंद पडल्या तरच लक्ष जावं.

मग जोडीदार निवृत्त झाला आणि त्याची जागा भरलीच नाही. साहेब म्हणाले, मंजुरी यायचीय. तोवर याने एकट्याने उरकायचं. हा खाली "निघाला" म्हणून ओरडायचा, जिन्यावरून धापा टाकत पळायचा आणि वर पोचून स्वतःच "आला" म्हणायचा. कँटीनमध्ये हसायचे लोक. मीही हसले. तळघरातला एक भौतिकवाला चहा पिता पिता म्हणाला, "मावशी, आमचा कण एकाच वेळी दोन ठिकाणी असू शकतो."

"मग साहेबांना सांगा," मी म्हटलं, "त्या कणालाच कामावर ठेवा. माझ्या भावाला गुडघे आहेत."

एक दिवस हा वर पोचला, दार उघडलं, तर आत भांड्याशेजारी तिसऱ्या मजल्यावरचे दोघं उभे. साखळी ओलांडून शिरलेले, गप्पा मारत. एवढी शिकलेली माणसं, पण पाटी वाचायला काय होतं मेल्यांना? हा त्या दिवशी चहा न पिता बसून राहिला.

त्यानंतर "निघाला" ऐकू यायचं, पण जिन्यावर पावलं वाजेनात. थोड्या वेळाने वरून "आला". मला कळायला वेळ लागला नाही. मी त्याला कँटीनच्या मागे गाठलं.

"तू भांड्याबरोबर जातोस?"

"कुणी शिरू नये म्हणून जातो. त्यांना कळत नाही, मला कळतं."

"तुला कळतं म्हणून ती हवा तुला ओळख दाखवणारेय का?"

"चार मजले तर आहेत, ताई. लिफ्ट मधे कुठे उघडू नये म्हणून साहेबांकडे कुलूप मागितलंय. मिळेपर्यंत."

मी तशीच साहेबांकडे गेले. चहाचा ट्रे हातात होता, तो टेबलावर आपटलाच. दुसरा माणूस द्या, नाहीतर याला काम थांबवायला सांगा, म्हटलं. साहेब गोड बोलले. मंजुरी आली की लगेच, मावशी. गोड बोलून तोंडाला पानं पुसायची कला त्यांच्याकडून शिकावी.

मग एके दिवशी नायट्रोजनची गाडी उशिरा आली. पक्ष्यांचं पिंप तळाला लागलं होतं, बाई सकाळपासून खालीवर करत होत्या. दुपारची जेवणं आटोपली होती, मी कप विसळत होते. "निघाला" ऐकू आलं. लिफ्ट हलली आणि वीज गेली. वरच्या बाजूला धातू आपटल्याचा आवाज झाला.

मी लिफ्टच्या दाराशी जाऊन हाक मारली.

"ताई," तो वरून म्हणाला, अगदी शांत आवाजात, "भांडं कलंडलंय. गार्डला लिफ्टच्या दाराची किल्ली आणायला सांग."

मी धावले. गार्ड म्हणाला, किल्ली साहेबांच्या कपाटात. कपाटाला कुलूप, आणि साहेब अजून जेवून परतले नव्हते. आम्ही स्क्रू-ड्रायव्हरने कपाट फोडलं. किल्ली घेऊन मी लिफ्टपाशी आले, दारावर दोन्ही मुठींनी मारलं, त्याच्या लहानपणीच्या नावाने हाका मारल्या. उत्तर नाही. गार्ड किल्ली लावतोय तोच वीज आली. लिफ्ट आपली शहाण्यासारखी वर निघून गेली, ज्या मजल्याचं बटण दाबलेलं होतं तिथं.

मी जिन्याच्या तोंडाशी उभी राहिले आणि वर कान लावला. दार उघडल्याचं ऐकू आलं. "आला" कुणी म्हटलं नाही. मग बाई किंचाळल्या.

तो कोपऱ्यात बसलेला होता, गुडघे जवळ घेऊन. साखळी दारात नीट अडकवलेली होती, पाटी बाहेरच्या बाजूला.

चौकशी झाली. नियम मोडून भांड्यासोबत प्रवास केल्याने मृत्यू, असं ठरलं. खोटं नाही, नियम त्याने मोडलाच. पण दोन माणसांचा नियम एका माणसावर टाकला कुणी, ते कुणी विचारलं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी.

दहनानंतर पक्षीवाल्या बाई माझ्याकडे आल्या. खाली मान घालून म्हणाल्या, "मावशी, भांड्यात थोडं उरलं होतं. त्याला नेल्यावर मी ते पिंपात ओतलं. पेशी वाचल्या. मला त्या वेळी तेवढंच सुचलं."

मला त्यांचा गळा धरावासा वाटला. म्हटलं, "बरं केलंत. तो त्यासाठीच निघाला होता." दोन्ही खरं होतं.

आता दोन माणसं नेमलीत आणि लिफ्टला कुलूपही बसवलंय. वरातीमागून घोडं. पोरं चांगली आहेत, नियमाने वागतात. खालचा ओरडतो, "निघाला". मी हातातली किटली खाली ठेवते. गिऱ्हाईक म्हणतं, मावशी, चहा. मी म्हणते, थांब जरा, वरून आवाज येऊ दे.