एक चाळीसची दुरुस्ती

"हे ऐका सगळ्यांनी," संपादकसाहेब म्हणाले. माझं प्रूफ त्यांनी हवेत धरलं होतं.

वाशिमच्या त्या दैनिकाच्या कार्यालयात माझा चौथा दिवस. सहा टेबलं, सहा माणसं. सगळ्यांनी माना वर केल्या.

"'तीन दिवसांनी पानी आले.' पानी! अहो मॅडम, हे वर्तमानपत्र आहे. तुमची वस्ती नाही."

सगळे हसले. मीही हसले. हे आजही आठवलं की स्वतःचाच राग येतो.

मी कोणत्या वस्तीतली, हे मी तिथं कुणाला सांगितलं नव्हतं. अर्जावर आडनाव होतं. तेवढं पुरलं.

मी रिठदची. आमच्या घरी पानीच म्हणतात. बातमीदारानंही तेच लिहून पाठवलं होतं, मी फक्त ते सुधारायचं विसरले होते. बातमीदाराला कुणी काही बोललं नाही. त्याचं पानी बोली ठरलं. माझं पानी जात ठरलं.

रिसोडच्या कॉलेजातून मी मराठी घेऊन बी.ए. केलं होतं. तरी त्या संध्याकाळी एसटीत बसून शुद्धलेखनाचे नियम पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतले. म्हटलं, आता यांना माझ्यात चूक सापडू द्यायची नाही. तेव्हा मला वाटायचं, भाषा शुद्ध झाली की माणूस सुटतो.

मला घडवलं ते भास्करकाकांनी. आमचे जुने प्रूफरीडर. ते प्रूफावर लाकडी पट्टी ठेवायचे आणि एक ओळ झाली की पट्टी खाली सरकवायचे. पट्टीखालचं काही दिसायचं नाही. पुढचं दिसलं की डोळा धावतो आणि धावणारा डोळा चुका गिळतो, असं ते म्हणायचे. मी मूळ मजकूर मोठ्यानं वाचायची, काका प्रूफ पाहायचे.

"आधी नाव पाह्य," ते सांगायचे. "मंग आकडा. मंग शुद्धलेखन. अन् वळखीच्या शब्दावर भरोसा ठेवू नको. तोच जास्त फसवते."

छापील पानाची एक भीती असते. पान एकदा गेलं की गेलं. चूक झाली तर ती गावोगावी जाते, पानटपरीवर वाचली जाते, भजी बांधायला वापरली जाते, पण पुसता येत नाही. फार तर दुसऱ्या दिवशी आत छोटी चौकट टाकायची. कालच्या अंकात अमुक चुकलं, ते असं वाचावं. साहेबांना त्या चौकटीची फार लाज वाटायची. पण टाकावीच लागायची. चुकीचा कागद लोकांच्या घरात असायचा ना.

मग वाशिमचं छापील पान बंद झालं. काका घरी गेले. मला 'डिजिटल'ला बसवलं.

तिथं सगळं उलटं. आधी बातमी टाकायची, मग वाचायची. छापील पानात मथळा रकान्यात मावायला हवा, इथं तो मोबाइलवर बोट थांबवायला हवा. पट्टी ठेवायला वेळ नाही. कोपऱ्यात आकडा हलत राहायचा, आत्ता किती जण वाचताहेत त्याचा, आणि सगळ्यांचे डोळे त्या आकड्यावर. चूक सापडली तर? एक बटण दाबायचं. चूक नाहीशी. चौकट नाही, लाज नाही.

पहिले काही महिने मला ते आवडलं, खोटं कशाला बोलू. माझी चूक साहेबांनी पाहायच्या आत मी पुसायची. कुणी प्रूफ हवेत धरू शकत नव्हतं.

मग एकदा मनात आलं, मला एवढ्या सहज पुसता येतं, तर त्यांना काय काय पुसता येत असेल?

त्या दिवसापासून मी संशयी झाले. टाकलेली बातमी घरून परत उघडून पाहायला लागले. एका पुढाऱ्याच्या बातमीतला 'आरोप' दुसऱ्या दिवशी 'चर्चा' झाला होता. एका रस्त्याच्या बातमीतलं ठेकेदाराचं नाव गेलं होतं. वर तारीख-वेळ मात्र पहिलीच. जणू बातमी जन्मापासून तशीच होती.

मी गप्प राहिले. नोकरी होती.

मग ती बातमी आली. रिसोड तालुक्यातल्या एका गावातून. सार्वजनिक नळावर आमच्या समाजाची एक बाई पाणी भरायला गेली. तिची कळशी लाथाडली. जातीवरून शिव्या दिल्या, ढकललं. तिघांवर ॲट्रॉसिटीचा गुन्हा दाखल.

मी काकांच्या पद्धतीनं बसले. आधी नावं. बातमीदाराला दोनदा फोन केला, पोलीस ठाण्यात एकदा. गुन्ह्याची कलमं विचारून घेतली. माझा स्वतःवरही संशय होता. आपल्या माणसाची बातमी आहे, एखादा शब्द जड तर पडत नाही ना? दोन विशेषणं होती, ती काढली. मथळा दिला: 'सार्वजनिक नळावर पाणी भरण्यास मज्जाव, तिघांवर गुन्हा'. अकरा वाजून चार मिनिटांनी बातमी गेली. खाली संपादन म्हणून माझं नाव.

साडेबाराच्या सुमारास साहेबांच्या केबिनमध्ये पाहुणे आले. पांढरे कपडे, दोन फोन. आत चहा गेला. आतून हसण्याचा आवाज येत होता. कोण आहेत, कुणी सांगितलं नाही.

डबा खाऊन झाल्यावर सवयीनं मी मोबाइलवर बातमी उघडली.

'पाण्यावरून दोन गटांत बाचाबाची'.

कळशी नव्हती. शिव्या नव्हत्या. गुन्हा नव्हता. वेळ तीच, अकरा वाजून चार मिनिटं. आणि खाली माझंच नाव.

बदलणाऱ्याच्या हातून एकच गोष्ट राहून गेली होती. बातमीचा पत्ता. वरती इंग्रजी अक्षरांची लांब ओळ असते, ती. त्यात माझा सकाळचा मथळा तसाच पडून होता, मज्जावासकट.

मी केबिनमध्ये गेले. पाहुणे निघून गेले होते.

"सर, बातमी कुणी बदलली?"

"अपडेट केली. ऑनलाइन बातमी जिवंत असते मॅडम. बदलत राहते."

"मग बदलल्याची ओळ टाका. वेळ टाका. किंवा माझं नाव काढा."

"जाऊन बसा जागेवर."

बसले. जागेवर बसूनच मी त्या बातमीच्या जुन्या आवृत्त्या उघडल्या. वाचकाला दिसत नाहीत, आम्हाला दिसतात. कोण, कधी, कोणता शब्द. एक चाळीसला बदल. साहेबांच्याच खात्यातून. ते पान छापून मी पर्समध्ये ठेवलं. का ठेवलं, तेव्हा माहीत नव्हतं.

दोन दिवसांनी ती बाई कार्यालयात आली. शांताबाई नाव. पन्नाशीच्या आसपास, मनगटाला पट्टी. जीप बदलत आली होती. भाचीनं सकाळची बातमी फोनवर वाचून दाखवली होती, दुपारचीही. बातमीखालचं नाव विचारत ती माझ्या टेबलापाशी आली.

"ताई, सकाळी तुमी खरं लेहलं होतं. मंग दुपारी खोटं काहून केलं?"

मी खुर्ची पुढे केली. ती बसली नाही.

"ते लोक तुमची बातमी दाखवून राह्यले पोलिसायले. म्हंते, पाहा, पेपरवालेच सांगते बाचाबाची झाली. ठाण्यातले साहेब मले म्हणे, बाई, मंग तुमचं कोनतं खरं?"

आवाज ऐकून आमचे साहेब बाहेर आले. शांताबाईंना त्यांनी नमस्कार केला. मग माझ्याकडे बोट केलं.

"चूक या मॅडमची आहे. सकाळी भावनेच्या भरात भलतंच टाकलं. त्यांच्याच समाजाची बातमी ना. तुमच्या लोकांना संपादनाला बसवलं की हे होतंच."

तुमच्या लोकांना. सगळं कार्यालय ऐकत होतं. या वेळी कुणी हसलं नाही. मान वर करून कुणी पाहिलंही नाही.

साहेबांनी एक कागद टेबलावर ठेवला. टाइप करून तयारच होता. सकाळची बातमी माझ्या निष्काळजीपणामुळे चुकीची गेली, दुपारी मीच ती दुरुस्त केली.

"सही करा. विषय संपवू."

मी कागद वाचला. सवयीनं ओळीओळीनं. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. ऱ्हस्व-दीर्घ बरोबर, विरामचिन्हं जागच्या जागी. एवढी शुद्ध मराठी आणि त्यात एक अक्षर खरं नाही. इतकी वर्षं मी ज्या शुद्धतेच्या मागे धावले, ती ही. कागद मी परत सरकवला.

"मी सही करणार नाही."

"काय?"

"सकाळची बातमी खरी होती. दुपारी एक चाळीसला ती तुमच्या खात्यातून बदलली."

पर्समधला कागद काढून मी मोठ्यानं वाचला. कोणता शब्द काढला, कोणता घातला. पूर्वी काकांसमोर वाचायची तसा, एकेक शब्द सुटा. मग तो शांताबाईंच्या हातात दिला.

"ते ऑफिसचं आहे," साहेब ओरडले. "तू ते बाहेर देऊ शकत नाहीस!"

मॅडमची तू झाले.

"बातमी या बाईची आहे," मी म्हणाले. "कागद पण त्यांचाच."

शांताबाईंना दारापर्यंत सोडून मी टेबलापाशी परत आले तोवर कॉम्प्युटरवरचं माझं खातं बंद झालं होतं.

दिवस मावळायच्या आत घरी पोचले. आई अंगणात तूर पाखडत होती.

"आज लवकर कायले आली?"

"काढलं त्यायनं मले."

"चोरी केली का?"

"नाही."

"मंग हातपाय धू. जेव."

यापेक्षा जास्त तिनं आजवर विचारलं नाही.

शांताबाईंनी तो कागद तपास करणाऱ्या उपविभागीय पोलीस अधिकाऱ्यांकडे दिला. मीही जाऊन जबाब दिला. ती बातमी अजून तिथंच आहे. अजून बाचाबाचीच आहे. खाली माझं नाव मात्र राहिलं नाही. एका बटणात गेलं.

आता मी मंगरूळपीरला एका दुकानात अर्ज टाइप करते. जिल्ह्यातल्या बातम्या रोज सकाळी वाचते आणि संध्याकाळी परत वाचते. आमच्या माणसांची बातमी दिसली की लगेच छापून ठेवते, वेळेसकट. कुणावर भरोसा नाही. गोड बोलणाऱ्यावर तर अजिबात नाही.

साक्षीसाठी बोलावणं येईल. आरोपींचे वकील कोर्टात म्हणतील, ही काढून टाकलेली बाई आहे, सूड उगवते. म्हणतील, जातीची म्हणून बोलते. म्हणू द्या. साहेबांचा निरोप दोनदा आला, जबाब मागे घे, दुसरीकडे चिकटवून देतो. दोन्ही निरोप मी तारीख-वेळेसह लिहून ठेवले आहेत.

बोलावतील तेव्हा जाईन. विचारतील तितक्या वेळा सांगेन. शब्द बदलणार नाही.