अण्णांचा निषेध

"मी सिनेमा पाहिलेला नाही, म्हणूनच निःपक्षपातीपणे बोलू शकतो!" असं म्हणत अण्णा टॉकीजसमोर स्टुलावर चढत.

अण्णा आमच्या मल्लेश्वरमचे नगरसेवक. घराणं मराठी, पण पिढ्यान्‌पिढ्या बंगळुरात मुरलेलं. मी कारखान्यातल्या नोकरीसाठी पुण्याहून आलो आणि त्यांच्या शेजारी राहू लागलो. नाचगाण्याचा सिनेमा लागला, की अण्णांचं भाषण ठरलेलं.

"त्यात एक बाई भिजत नाचते! किती वेळ? गाणं संपेपर्यंत!"

भाषण संपलं, की ऐकणारे थेट तिकिटाच्या खिडकीकडे वळत. "समाज जागा होतोय," अण्णा मला म्हणत. समाज रांगेत उभा असे.

मग एक संतपट लागला. कुत्रंही फिरकेना. टॉकीजचा मॅनेजर, बेळगावकडचा माणूस, हात जोडून अण्णांच्या घरी आला. मीही तिथंच कॉफी पीत होतो.

"अण्णा, स्वल्प निषेध करा की."

"अहो, संत आहेत त्यात!"

"संतांना बायको आहे, अण्णा. दिसायला बरी आहे. मागचा सिनेमा तुमच्या भाषणांवरच दिवाळीपर्यंत चालला बघा."

अण्णांचा चेहरा उतरला. त्यांनी आशेनं बायकोकडे पाहिलं.

"खरंय हो त्यांचं," अक्का म्हणाल्या. "मीसुद्धा तुमचं भाषण ऐकूनच गेले होते."

त्या दिवशी अण्णा जेवले नाहीत. संध्याकाळी म्हणाले, "आधी बघू. मग बोलू." आम्ही तिघं गेलो. संतांची बायको आजारी पडली तेव्हापासून अण्णा जे रडू लागले, ते शेवटपर्यंत.

बाहेर निषेधासाठी गर्दी ताटकळली होती. अण्णा लाल डोळ्यांनी स्टुलावर चढले.

"नाच आहे का, अण्णा?" कुणीतरी ओरडलं.

"नाही रे! फार चांगला आहे! मुलाबाळांना घेऊन बघा!"

गर्दी हळहळत पांगली. शुक्रवारी सिनेमा उतरवायचं ठरलं. पुढच्या निवडणुकीत अण्णाही पडले. लोक म्हणाले, पूर्वीसारखं बोलत नाहीत.

आता अण्णा नाहीत. मला मात्र त्या सिनेमाचा शेवटचा खेळ आठवतो. गुरुवारी आम्ही पुन्हा गेलो होतो; अख्ख्या थिएटरात आम्ही तिघंच. मॅनेजरनं दारातून विचारलं, "अण्णा, सुरू करू?"

अण्णांनी मागच्या रिकाम्या खुर्च्यांवर एकदा नजर फिरवली आणि रुबाबात म्हणाले, "करा!"

दिवे मालवले. पडद्यावर नाव यायच्या आतच अक्कांनी आपला पदर त्यांच्या हातात देऊन ठेवला.