दोन्ही बाजूंचे बागवान सर

बसमध्ये शेजारी कुणीही अनोळखी बसलं, की बागवान सर विचारत, "पावणं, शहरात कशापायी आलाय?" मिळालेलं उत्तर दुसऱ्या दिवशी आमच्या भूगोलाच्या तासाला यायचं. मुलाच्या क्लाससाठी गडहिंग्लजहून येऊन खोली घेतलेली आई, हुपरीत पैंजण घडवायचं सोडून कोल्हापुरात दुकानात लागलेला कारागीर. मंगळवार पेठेतल्या शाळेत नागरीकरणाचा धडा आम्ही असा माणसांवरून शिकलो.

भिंतीवर युरोपचा नकाशा लावून ते म्हणत, "तिकडं आधी कारखानं आलं, मग माणसं गेली. आपल्याकडं माणसं आधी आल्यात, नळ मागनं यायलाय."

सर राहायचे आमच्याच गावात, शहराच्या वेशीला चिकटलेल्या. ते निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी गाव महापालिकेच्या हद्दीत घ्यायची चर्चा सुरू झाली आणि दोन तट पडले. सरांचे शेजारी सदाशिवअण्णा विरोधकांचे पुढारी. घरफाळा वाढेल, उसाच्या रानावर आरक्षण पडेल, असं ते दारोदार सांगत. अण्णांची सून मात्र गाव शहरात जाऊ दे म्हणत होती, निदान नळाला रोज पाणी तरी येईल. ग्रामसभेत सरांनीच बोलावं, जगाचा अभ्यास केलेल्या माणसाचं गाव ऐकेल, असा अण्णांचा आग्रह होता.

सर आठवडाभर भाषणाचा कागद लिहीत बसले. मी मदतीला जायचो. त्यातच कॅनडातल्या त्यांच्या मुलाचा फोन आला. मोठं शहर सोडून तो खेड्यात राहायला गेला होता, घरातूनच नोकरी करत होता. फोन ठेवून सरांनी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाले, "त्यानं खेडं गाठलं आन आपण खेडं मोडायलोय. म्हंजे पुढं कोण हाय?"

ग्रामसभेला देवळापुढचं पटांगण भरलं होतं. सर उठले, पण हातातला कागद त्यांनी वाचलाच नाही.

"आयुष्यभर ह्योच धडा शिकिवला," ते म्हणाले. "पर माझ्या गावाचं काय करावं, मला कळंना झालंय."

हात मोजताना तर त्यांनी कहरच केला. विरोधासाठी हात वर केला आणि हद्दवाढीसाठी विचारलं तेव्हाही केला. लोक हसले. अण्णांनी मान फिरवली ती कायमची. मी त्यांच्या घरी जाऊन विचारलं, तर सर एवढंच म्हणाले, "अण्णाचं रान बी खरं हाय आन सुनेची घागर बी खरी हाय. कुठला हात खाली ठिवू?"

गेल्या वर्षी सर गेले. हद्दीचा निर्णय तेव्हाही लोंबकळतच होता. कब्रस्तानात अण्णा सगळ्यांच्या आधी येऊन उभे होते. त्यांनी मूठभर माती दिली आणि परतताना मला गाठलं. मास्तर शेवटाला कुणाच्या बाजूचे होते, तुला तरी सांगून गेले असतील, असं विचारू लागले. मी नाही म्हणालो.

अण्णा रस्त्यातच थांबले.

"मग इतकी वर्सं मी कुणावर रुसून बसलतो?"