नवं खायचा दिवस

मावशीने आमच्याकडची कुठलीही नवी वस्तू तशीच कधी वापरली नाही. मिक्सर आला तेव्हा तिने झाकणावर चार तांदूळ ठेवून त्याला सांगितलं, "आलास ना घरात, मग नीट वाट." मग बटण दाबलं. मला हसू आलं, तर म्हणाली, "हस, बाय. त्याला पण समजू दे कोणाच्या घरी आलाय."

ती सायवनची. आई-बाबा दोघं नोकरीला, म्हणून आठवडाभर डहाणू रोडला आमच्याकडे कामाला राहून घर सांभाळायची, शनिवारी गावी जायची. मी इंग्रजी शाळेतली, घरातही कमी बोलणारी. बारावीच्या पहिल्या पेपरला माझे हात थरथरत होते. तिने माझ्या मुठीत तांदूळ दिले. "रिक्षा येईपर्यंत धर. एक पण सांडायचा नाय." ते सांभाळता सांभाळता हात थांबले. मैत्रिणींना मात्र मी तिची नक्कल करून दाखवली. त्या खूप हसल्या.

भात कापून झाला तरी तिच्या घरी नवा तांदूळ लगेच खात नसत. एक दिवस ठरवून तो आधी कणसरीला, म्हणजे धान्याच्या देवीला, आणि पितरांना दाखवायचा. मग घरातल्या प्रत्येकासाठी सागाचं पान मांडायचं. सगळी पानं भरल्याशिवाय कोणी घास घ्यायचा नाही. "एकट्याने खाल्ला तर नुसता भात," ती म्हणायची. "सगळे बसले की नवं."

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी तिने मला बोलावलं. "या रविवारी तुझं पण पान मांडणार हां." मी येते म्हणाले. निघालेही. चारोटीला उतरले, सायवनची जीप समोर उभी होती आणि मला चढवेना. सगळे माझ्याकडे बघणार, मी काय बोलणार? शेजारच्या हॉटेलात शिरले, वडापाव खाल्ला, फोन बंद केला आणि परत फिरले.

सोमवारी मावशी आली ती माझं कपाळ चाचपतच. "कुठे राहिलीस? वाटेत काय झालं म्हणून जीव थाऱ्यावर नव्हता."

"ताप होता," मी म्हटलं.

"तरी! ऊन उतरलं तरी आम्ही बसलेलो. सासू म्हणते, तुझी बाय येईपर्यंत मीच पितरांत जाते, मला तिकडेच वाढ." ती हसली. मग मीठ-मिरच्या आणून तिने माझी दृष्ट काढली. तिचा हात माझ्यावरून तीनदा फिरला. तेवढ्यात खरं सांगता आलं असतं. मी डोळे मिटून उभी राहिले. मिरच्या विस्तवावर पडल्या आणि मला जोराचा ठसका लागला. दृष्ट लागलेली असली की ठसका येत नाही, हे तिनेच मला शिकवलेलं. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि विस्तव उचलून बाहेर नेला.

पुढच्या वर्षी मी बोलावण्याची वाट पाहत होते. या वेळी जाणारच होते. एका सोमवारी तिने पिशवीतून नव्या तांदळाची पुडी काढून माझ्यापुढे ठेवली.

"कालच झालं आमचं नवं. खा, बाय."

"मला नाही बोलावलंस?"

"तुला कशाला त्रास," ती म्हणाली. आवाजात राग शोधला, नव्हता.

"सगळे आले होते?"

"हो, सगळे," भांडी आवरत ती म्हणाली. "दुपारीच जेवलो."